पहिल्या फोनवरचं उत्तर

मालतीमावशी गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला. "दादा, आई इज गॉन," एवढंच बोलून ती रडायला लागली. त्याला पाच आठवडे झाले. तेव्हापासून लिहायचं म्हणतोय, पण लिहायचं तर आधी स्वतःची लाज मांडावी लागते...

मावशी शिकागोच्या कोर्टात नोकरीला होत्या. आमच्या राज्यात पैसे घेऊन जामीन राहणारी दुकानं कधीच बंद झाली. पकडलेला माणूस खटल्यापर्यंत घरी राहणार की तुरुंगात, हे जज ठरवतात. त्याआधी त्याचं घर, शिक्षण, ओळखी पडताळून अहवाल द्यायचा, असा नवा कायदा आला होता. ते मावशींचं काम.

दोन वर्षांपूर्वी माझ्या रूममेटने, शिरीषने, घेतलेली जुनी गाडी चोरीची निघाली आणि पोलिसांनी त्याला उचललं. आम्हाला खबरच नव्हती. डेव्हन अ‍ॅव्हेन्यूमागे दोन खोल्यांत आम्ही पाच विद्यार्थी राहायचो. लीजवर नावं दोघांचीच. कोणीही विचारलं तरी 'दोघंच राहतो' म्हणायचं, हा घरचा कायदा! दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर एका बाईने इंग्रजीत भरभर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कुठल्याशा ऑफिसचं नाव घेऊन विचारलं, शिरीष इथे राहतो का? घरमालकाने तक्रार केली असणार, असं वाटून मी "नो मॅडम, नो सच पर्सन" म्हणत फोन आपटला. वर आपल्या हुशारीवर खूश होऊन चहा केला.

साडेबाराला दार वाजलं. कोटावर बर्फ पडलेली एक बाई, त्याच मालतीमावशी, चक्क मराठीत म्हणाली, "मी कोर्टातून आलेय. शिरीष जेलमध्ये आहे. दीडला जजसमोर नेतील. त्याने दिलेला पत्ता खोटा ठरला तर त्याला सोडणार नाहीत. तो इथे राहतो?"

हो म्हणावं तर पाचही जण रस्त्यावर. नाही म्हणावं तर शिरीष आत, परीक्षा बुडणार, व्हिसाचं काय... मावशी घड्याळ बघत होत्या.

"सकाळी फोनवर मीच..."

"आवाजावरून कळलं मला. आत्ताचं सांग."

"राहतो. तिथे, कपड्यांच्या क्लॉझेटमध्ये झोपतो."

त्यांनी अंथरूण पाहिलं, त्याच्या आईच्या पत्रांवरचा पत्ता पाहिला. मी हळूच विचारलं, "मावशी, सकाळचं नाही लिहिलं तर?"

"लिहिणार. मी एकदा लपवलं, तर उद्या माझ्या शब्दावर कोणाला सोडतील?"

त्या धावत बसकडे गेल्या. मला त्यांचा भयंकर राग आला.

संध्याकाळी शिरीष घरी आला. कोर्टाचं मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. पुढे केसही रद्द झाली. मावशींकडे आमची रविवारची जेवणं सुरू झाली आणि दर रविवारी मला धास्ती, आज त्या शिरीषसमोर फोनचं बोलतील...

परवा आम्ही दोघं त्यांचं सामान आवरायला गेलो. स्वयंपाकघरात भिंतीवरच्या फोनखाली त्यांचं स्टूल तसंच आहे. सुट्टीच्या दिवशीही त्यावर बसून त्या पकडलेल्या कोणाच्या तरी आईला, मामाला फोन लावत असायच्या. माझ्याने राहवेना.

"शिरीष, त्या दिवशी तू आमच्यात राहत नाहीस, असं मीच सांगितलं होतं."

तो डबे खोक्यात भरत राहिला. "माहितेय यार. कोर्टात वाचून दाखवलं ना. जजने विचारलंसुद्धा, हा माणूस एकदा घाबरून खोटं बोलला, मग दुसऱ्यांदा खरं कशावरून? मावशी म्हणाल्या, दुसऱ्यांदा तो जास्त घाबरला होता, तरी हो म्हणाला."

मी त्या स्टुलावर बसलो.