तिनं मागितलेली दुसरी तपासणी

आमच्याकडे सोयरीक जुळवताना सिकलसेलच्या रक्ततपासणीचा कागद मागतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मुलासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हाही दोन्हीकडचे कागद पाहून झाले आणि पोह्यांच्या बशा फिरू लागल्या. तेवढ्यात मुलगी सरळ मला, होणाऱ्या सासऱ्याला, म्हणाली, "मामाजी, रक्ताचं झालं. आता डोक्याच्या डॉक्टरलेबी दोघं एकदा दाखवून घेऊ का? मी पहिले जातो."

तिच्या मावशीचा जन्म नवऱ्याच्या लपवलेल्या आजारात गेला होता. हे मला नंतर कळलं.

माझा मेहुणा हसला. "आतापासूनच आमाले पागल ठरवून राहिली का व?"

मी त्याच्यावर कडी केली. "आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी पागल नाही, पोरी. उद्या म्हनशील, बैलालेबी दाखवा."

सगळी बैठक हसली. तिच्या बापानं ओशाळून तिला आत पाठवलं. हसला नाही तो फक्त माझा मुलगा. त्याला नसलेले आवाज ऐकू यायचे. दोन वर्षं नागपूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या आणि त्यांच्यावर तो चांगला राहत होता.

लग्नाच्या आधी तो मला म्हणाला, "बाबा, तिले सांगून टाकू का?"

"मोडाचं आहे का लग्न? महिनाभर गोळी नाही घेतली तर काय होते?" असं म्हणून मी गोळ्यांची पाकिटं त्याच्याकडून घेतली आणि घरातल्या धानाच्या ढोलीत खुपसली. लग्न लागलं. महिन्याचे तीन महिने झाले. मी ती काढली नाहीत.

पोळ्याच्या सुमारास त्याची झोप उडाली. बायको जेवणात काहीतरी घालते म्हणून तो ताट भिरकावू लागला. पानठेल्यावर एकजण म्हणाला, "नवरी आली अन् पोरगं कामातून गेलं. काही केलं असन तिनं." मी मान डोलावली. बोललो नाही, फक्त मान डोलावली. गावाला तेवढं पुरलं.

एकदा ढोलीतून धान काढताना तिच्या हाताला ती पाकिटं लागली, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर माझ्या मुलाचं नाव होतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मामाजी, मी इचारलं होतं ना?"

दुसऱ्या दिवशी तिनंच त्याला नागपूरला नेलं. तो सावरेपर्यंत थांबली आणि मग माहेरी गेली, ती परत आली नाही. करणी करणारी, हे नाव मात्र तिच्यामागे राहिलं.

गेल्या महिन्यात आंधळगावचे दोघं चौकशीला आले. तिचं दुसरं लग्न जुळत होतं. "पोरीनं नवऱ्यावर काही केलं होतं म्हनते. खरं का?"

मी आधी दार लोटून घेतलं. सत्तरी उलटली तरी घरातलं झाकायची ती सवय गेली नव्हती. मग सगळं सांगितलं. ढोलीपर्यंत.

त्यांच्यातला वयस्कर गृहस्थ म्हणाला, "तरी पन भाऊ, डोक्याची तपासनी मागते म्हनजे पोरगी जरा जास्तच शहानी."

माझेच शब्द जणू मला परत ऐकू आले. मी म्हणालो, "मागितली तर करून घ्या. मी हसलो होतो."

ते चहा न घेता गेले. सोयरीक जुळली की नाही, मला माहीत नाही. संध्याकाळी मी पानठेल्यावर गेलो आणि पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी दार नसलेल्या जागी. कुणी मान डोलावली नाही.