टिटवीचा खुंट

जगदेवीनं तळ्यात सोनं पुरलंय, ही बातमी आमच्या गल्लीत सकाळच्या चहाआधीच पोचली. दुपारपर्यंत सोन्याचं वजनही ठरलं. निघालं काय, तर टिटवीची चार अंडी, मातकट, ठिपक्याठिपक्यांची. गल्लीची फार निराशा झाली.

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तळं आटलं आणि गाळ काढायचं दुष्काळी काम निघालं. जगदेवी कामावर होती, पण तिचं निम्मं लक्ष झाडापाखरांत. पळस कधी पेटतो, सुगरण काड्या कधी नेते, सगळं तोंडपाठ. पेरणीआधी लोक तिलाच विचारायचे. अवंदा तिचंच डोकं चालेना. दरसाल बांधावर अंडी घालणारी टिटवी थेट तळ्याच्या बुडाशी बसलेली, म्हणजे पाऊस न्हाई. आणि काठावरचा बहावा पिवळाधमक लगडलेला, म्हणजे पाऊस आलाच. खरं कुणाचं धरावं? ती दिवसातून दोनदा मत बदलायची.

"अक्का, सकाळचा पाऊस खरा का संध्याकाळचा?" शेजारचा ईश्वरप्पा विचारायचा.

"तुझ्या घरावर तेवढा न्हाई," ती म्हणायची, आणि पुन्हा बहाव्याकडं बघत बसायची.

पाऊस राहू दे, आधी अंडी वाचवायची होती. गाळ किती खोल काढला ते मोजायला खड्ड्यात मधोमध मातीचा एक खुंट न खोदता ठेवतात. जगदेवीनं तो नेमका घरट्याखालीच राखला आणि चौफेर खोदत गेली. कुणाला जवळ फिरकू देईना; सोन्याची बोंब तिथूनच उठलेली. टिटवी कलकलाट करायची, अंगावर यायची, आणि परत जाऊन बसायची.

तीन आठवड्यांनी लातूरहून मोजणीचे साहेब आले. खुंटाला फीत लावली, आकडा लिहिला आणि म्हणाले, "झालं माप. पाडा हा."

मुकादम नरसिंग कुदळ उचलून तसाच थबकला. "साहेब, वर अंडी हायत. एकाला चीर गेलीय. दोन दिसांत पिलं निघतील."

साहेबांनी वही चाळली. अंड्यांचा रकाना कुठं सापडेना. "मापानंतर खुंट ठेवता येत नाही. जिल्ह्याचा हुकूम आहे," ते जगदेवीला म्हणाले. "आणि बाई, तुम्हाला एवढं कळतं, तर पाऊस येणार की नाही तेवढं सांगा."

जगदेवी खुंटाला पाठ लावून उभी राहिली.

"पावसाचं मलाबी कळंना झालंय, साहेब. पण तुमचा जिल्हा कालपरवाचा, अन् टिटवी माझ्या आजीच्या आधीपासून हितं हाय. दोन दिस थांबा, न्हाईतर हुकुमावर तिची सही आणा."