झुपक्याला दाखवलेलं ऊन

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आमच्या मुलुंडच्या घरात डायनिंग टेबलावर जुना टॉवेल अंथरला जातो. माझा नवरा त्यावर आमच्या चामड्याच्या वस्तू मांडतो: एक रुंद पट्टा, चामडं मढवलेली एक चपटी फळी आणि झुपका. झुपका हे आमचं नाव. मुठीला जोडलेल्या, हातभर लांबीच्या मऊ पट्ट्यांचा चाबूकच तो. आम्ही दोघं चाळिशीतली माणसं आहोत आणि हा खेळ दोघांच्या राजीखुशीने खेळतो. मारते मी, पाठ त्याची. ऐकणाऱ्याला काय वाटायचं ते वाटो, त्यावरून आमच्यात कधी वाजलं नाही. वाजलं ते साफसफाईवरून.

त्याची साफसफाई बघण्यासारखी असते. आधी कोरडं फडकं, मग घट्ट पिळलेलं ओलसर फडकं आणि त्याला चामड्याच्या साबणाचा नावापुरता फेस. मग पंख्याखाली, सावलीत वाळवण. मग बोटावर तेल घेऊन एकेक पट्टी मुळापासून टोकापर्यंत चोळायची. शेवटी स्वतःच्या हातावर आपटून बघायचं, कुठे कड टोचते का म्हणून. या सगळ्याला दीड तास लागतो. लग्नाला सहा वर्षं झाली, माझ्या केसांना या माणसाने एकदाही तेल लावलेलं नाही.

तेवढंच असतं तर मी थट्टेवारी नेलं असतं. पण झुपका माझ्या आधीचा होता. माझ्या आधी त्याच्या आयुष्यात जी बाई होती, तिने तो निवडला होता आणि साफ कसा करायचा हेही तिनेच शिकवलं होतं. ती पुण्याला गेली, लग्न केलं, झुपका याच्याकडे राहिला. का राहिला, हे मी विचारलं होतं.

"चामडं घाम पितं, ते पूर्ण धुतलं जात नाही," तो म्हणाला. "म्हणून ज्याच्या अंगाला लागलं त्याच्याकडेच ठेवायचं. दुसऱ्यावर वापरायचं नाही."

पटण्यासारखं होतं. मला पटलंही. तरी मुठीवर अंगठ्याएवढा एक काळपट डाग होता, आणि माझा अंगठा कधीच त्यावर बसायचा नाही, बोटभर खाली यायचा. दर वेळी मूठ धरली की वाटायचं, मी दुसऱ्या कुणाच्या जागेवर बसलेय आणि ती आता येऊन मला उठवणार.

त्यात दरवर्षी जून उजाडला की तिचा मेसेज. "तेल दिलंस ना? बुरशी येईल." पुढे एक हसरा चेहरा. तो मला दाखवायचा, लपवाछपवी नाही. मी म्हणायचे, "किती ती काळजी बाईला." तो हसायचा. त्याला ते टोमण्यासारखं वाटायचंच नाही, म्हणून माझा जास्त जळफळाट व्हायचा.

गेल्या वर्षी तो मेसेज सोमवारी आला. मंगळवारी तो अंधेरीला ऑफिसला गेला आणि माझं काम घरूनच होतं. मी बादलीत गरम पाणी काढलं, भांड्यांचा साबण घेतला, कपड्यांचा ब्रश घेतला आणि झुपका घासला. पाणी चहासारखं झालं. काय समाधान वाटलं मला! मुठीवरचा डाग तर मी दात-ओठ खाऊन घासला. मग बाहेर ऊन होतं म्हणून ग्रिलला चिमटे लावून टांगला.

शेजारच्या काकी मालवणच्या. त्या आपल्या खिडकीत पापड वाळत घालत होत्या.

"काय गो, ह्यां काय सुकत घातलंस?"

"बॅगेचे पट्टे आहेत, काकी."

"चामडां उनात कडक जाता गो. सावलीत घाल."

म्हणजे काकींनासुद्धा माहीत. जगात चामड्याचं फक्त मलाच काही कळत नव्हतं. रागारागाने मी तो तिथेच राहू दिला.

चार वाजता काढला तेव्हा सुक्या बोंबलासारखा झाला होता. माझी वाट लागली. भसाभस तेल ओतलं, पट्ट्या वाकवून बघितल्या, आणि कपाटात खिळ्याला परत अडकवला. त्याला काही सांगितलं नाही.

रविवारी त्याने झुपका हातात घेतला आणि थांबला. मग नेहमीसारखा स्वतःच्या हातावर आपटला. एका पट्टीची कड लागली, लाल रेघ उठली आणि तिच्यावर रक्ताचा थेंब आला.

"काय केलंस याला?"

मी सांगितलं. साबण, ऊन, सगळं. "तिचा हात धुवून काढायचा होता," असंही म्हणाले.

"तो डाग माझा आहे, यार. इतकी वर्षं दर रविवारी तेलकट हाताने मीच धरतोय."

मला हसावं की रडावं कळेना. तो मात्र हसला नाही.

"झुपका गेला तर गेला. पण तू तो तसाच परत टांगलास. मी आधी हातावर बघितलं नसतं तर तू उचलला असतास आणि मी पाठ केली असती. रागात असताना यातल्या कशालाही हात लावायचा नाही, एवढंच तर आपलं ठरलंय ना?"

त्याने कात्रीने पट्ट्या कापल्या आणि केरात टाकल्या. खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला, आणि त्याची लाज नंतर कितीतरी दिवस पुरली.

मरोळच्या एका बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून आम्ही नवा झुपका करून घेतला. मूठ माझ्या मापाची. तो कपाटात टांगला गेला आणि टांगलेलाच राहिला. रविवारची साफसफाई मात्र चालू होती, न वापरलेल्या वस्तूची. ती झाली की तो विचारायचा, "राग आहे का?" मी म्हणायचे, "छे." तो माझ्याकडे बघायचा, त्याला ते खरं वाटायचं नाही, आणि झुपका परत टांगायचा. काही आठवड्यांनी त्याने विचारणंच बंद केलं. मी त्याला नको झालेय, असं नव्हतं. त्याला माझ्या हाताची भीती वाटत होती, आणि हे मला कुठल्याही बाईच्या मेसेजपेक्षा जास्त लागलं.

गणपतीत तिच्या शुभेच्छा आल्या. त्या रविवारी तो टॉवेलची घडी घालत होता, तेव्हा मीच बोलले.

"आज राग आहे. तिचा. मेसेज आल्यापासून डोक्यात तेच चाललंय. आधी दर वेळी छे म्हणायचे ना, तेव्हाही होता."

त्याच्या हातातली घडी थांबली.

"खूप?"

"बराच."

"मग आज नको," तो म्हणाला आणि झुपका टांगून आला. "पुढच्या रविवारी परत विचारतो."

तो परत विचारणार होता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.