तोंडात विरघळणारं मटण

माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. महाळुंग्याच्या कंपनीत रबरी सील तपासण्यात माझी हयात गेली. (बायको म्हणते, भाजीवालेसुद्धा मला लांबून बघून पाटी झाकतात.)

त्यामुळे आमच्या केतकीसाठी आलेली चऱ्होलीची मंडळी होकाराच्या बेताला आली आणि एकदा सगळ्यांनी बाहेर जेवावं असं ठरलं, तेव्हा हॉटेल निवडायचं काम मी हट्टानं अंगावर घेतलं. बायकोचं, म्हणजे सुनंदाचं म्हणणं होतं, घरीच पिठलं-भाकरी करू. पण लेकीच्या लग्नाचा प्रश्न होता, पिठल्यावर कसा सोडायचा!

आठवडाभर मी फोनवर रिव्ह्यू वाचत होतो. जिकडेतिकडे पाच स्टार. पण पाच स्टार दिले की सोलकढी फुकट देणारी हॉटेलं मला ठाऊक होती, म्हणून ती सगळी बाद केली. शेवटी एक खरा माणूस सापडला. 'चोखंदळ खवय्या' या नावानं लिहायचा. तळवड्यापासून चाकणपर्यंत त्यानं एकालाही सोडलं नव्हतं. एका ठिकाणच्या रश्श्यात म्हणे हात धुता येत होते, दुसरीकडच्या भाकरीनं त्याची दाढ हलली होती. वाचून मला भरून आलं. या माणसानं एकाच हॉटेलला पाच स्टार दिले होते आणि लिहिलं होतं, 'मटण तोंडात विरघळतं.' माझा शोध तिथंच संपला.

हॉटेलचं नाव मी शेवटपर्यंत गुपित ठेवलं. गाडी दारात थांबली तेव्हा मुलाचे वडील आप्पा पाटीकडे बघून गाडीतून उतरेचनात. त्यांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, भारावले!

मटण आलं. मी चावलं, पुन्हा चावलं, चावतच राहिलो. आमच्या कंपनीत ते पहिल्या फेरीत पास झालं असतं. होणारे जावई एक घास गालात ठेवून पाणी शोधत होते आणि केतकी माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. आता हे स्थळ हातचं जातं, या विचारानं मी घाबरलो. घाबरलो की मी फार बोलतो. मी फोन काढला, खवय्याचा तो रिव्ह्यू सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि वर म्हणालो, "आप्पा, हा माणूस खोटं लिहिणं शक्यच नाही."

आप्पांनी घास कसाबसा गिळला.

"पाहुणं, त्यो मानूस मीच हाय."

माझा फोन रश्श्यात पडता पडता वाचला.

"आन् हे हाटेल आमच्या साडूचं. हितं खरं लिवलं आसतं, तर मला घरी भाकर मिळाली नसती." त्यांच्या बायकोनं शांतपणे मान डोलावली.

सगळ्यात आधी सुनंदा हसली. मग केतकी, मग सगळेच. तिथून उठून मंडळी थेट आमच्या घरी आली आणि सुनंदानं पिठलं टाकलं. "मीठ जरा जास्त हाय," आप्पा म्हणाले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. लग्न त्याच ताटावर ठरलं.

पुढं दिवाळीला व्याही जेवायला आले. या वेळी मी हौसेनं स्वतःच्या हातानं मटण केलं. आप्पा बराच वेळ चावत होते. मग माझ्याकडे बघून प्रेमानं म्हणाले, "एक नंबर! तोंडात विरघळतंय."

नातं पक्कं झालं, याची मला त्या क्षणी खात्री पटली. मटण मात्र मी गुपचूप परत कुकरला लावलं.