चूल गोलाबाहेर राहिली

कुठल्याही गोष्टीभोवती आधी गोल काढल्याशिवाय ती समजत नाही, असं मानणारा माणूस सगळ्या मावळात एकच असेल, आणि तो आम्हाला लोणावळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मास्तर म्हणून लाभला. सर सिस्टिम्स इंजिनिअरिंग शिकवायचे. म्हणजे यंत्रं, माणसं आणि वेळ मिळून एखादं काम कसं उभं राहतं, ते. खडू हातात आला की पहिला गोल. आत काय येतं नि बाहेर काय राहतं हे ठरल्याशिवाय पुढचा शब्द नाही. कॅन्टीनमध्ये चहाला उशीर झाला, तर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून टेबलावर गोल. मुलीच्या लग्नात विहीणबाई रुसल्या, तेव्हाही त्यांनी पत्रिकेच्या पाठीवर गोल काढला आणि म्हणाले, "यात तुम्ही आत आहात." विहीणबाई हसल्या म्हणे.

मी पवनानगरकडची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी आजही मान वर करून सांगते. शेवटच्या वर्षी सगळ्यांनी कारखान्यातले प्रकल्प धरले. मला सरांनी विचारलं, तुमच्याकडं पुष्कळ माणसांनी मिळून करायचं काम कुठलं? मी म्हटलं, इर्जिक. भातलावणीला भावकी आणि शेजारी एक दिवस आपल्या शेतात येतात. मजुरी कुणी घेत नाही, घरधन्यानं पोटभर जेवू घालायचं. पुढं त्यांच्या शेतात आपण जायचं. सरांनी तिथंच गोल काढला. त्यात रोपं आली, बांध आले, माणसं आली. कोण कुणासाठी खोळंबतं ते आम्ही शोधलं आणि आदल्या संध्याकाळीच रोपांच्या जुड्या खाचराखाचरात पोचवल्या.

लावणीच्या दिवशी सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हजर. काम असं पळालं की दिवस कलायच्या वेळी उरकणारी लावणी दुपारच्या आतच संपली. सर छत्रीच्या टोकानं चिखलात गोल काढत होते, आणि इकडं आईची डाळ अजून चुलीवर चढायची होती. लोकांनी हातपाय धुतले. ज्याला त्याला आपल्या खाचरातलं पाणी बघायचं होतं. माणसं वाटेला लागली तसे माझे वडील, आप्पा, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "उपाशी मानसं माघारी गेली, तर फुडल्या साली आपल्या बांधावर कोन येनार?"

आप्पांचं बोलणं सरांनी ऐकलं होतं. ते तसेच चिखलातून धडपडत वाटेवर गेले आणि हात जोडून उभे राहिले. "चूक माझी आहे. चूल मी गोलाच्या बाहेर ठेवली. जेवल्याशिवाय जाऊ नका."

गोल कुणाला कळला नाही, जोडलेले हात कळले. सगळ्यांत म्हातारे आबा डोक्यावरचं इरलं उतरवत म्हणाले, "मास्तर चुकलं म्हनत्यात, आसं रोज ऐकाया मिळत न्हाई. बसा रं समदी."

मग डाळ शिजेपर्यंत सर आईच्या चुलीपाशी पाटावर बसून फुंकणी फुंकत राहिले. डोळे लाल, चष्म्यावर धूर. उभ्या आयुष्यात त्यांच्याइतकी वाईट फुंकणी मी कुणाला फुंकताना पाहिलेली नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, वेळ किती वाचला? मी उत्तर देणार, तेवढ्यात सर म्हणाले, "आधी चुलीचं सांग."

त्यानंतर दर लावणीला सर यायचे. गुडघे धरल्यावर चिखलात उतरणं थांबलं, तेव्हा त्याच पाटावर बसून शेताकडं आणि पातेल्याकडं आळीपाळीनं बघायचे. निवृत्त होऊन ते मुलीकडं नागपूरला गेले. आमच्या वाटेवरची बरीचशी खाचरंही आता बंगल्यांच्या कुंपणाआड गेली आहेत. इर्जिकीला मोजकीच माणसं येतात, पण येतात.

यंदाही आईनं चुलीपाशी पाट मांडला. "मास्तरांची जागा हाय ती," म्हणाली. लावणी अर्ध्यावर आली आणि फोन वाजला. सरांचा आवाज फार बारीक झाला आहे.

"डाळ चढली का गं?"

"चढली, सर."

"बरं."

फोन मात्र त्यांनी ठेवला नाही. मी तो तसाच चालू पाटावर ठेवला आणि खाचरात उतरले.