चहासारखं निववलेलं पाणी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी चंद्रावती गावस प्रयोगशाळेच्या ओट्याशी उभी राहून उकळलेलं पाणी एका टोपातून दुसऱ्या टोपात ओतत होती. हात खांद्याइतका वर, धार अखंड, थेंब बाहेर नाही. डिचोलीच्या या कॉलेजात शिक्षकांचा चहा तिने अकरा वर्षं असाच निववला होता. सत्त्याऐंशी सालच्या जूनमध्ये, गोवा राज्य झाल्यावर पंधरवड्याने, ती प्रयोगशाळेत मदतनीस झाली. आपल्या गावी, आमोण्यात, ती सांगायची, "राज्याला आणि मला एकदमच बढती मिळाली."

ती बढती आज जायच्या बेतात होती. प्रयोग करणाऱ्या प्राध्यापिका योगिताबाई बकऱ्याच्या कलेजीचा तुकडा पाण्याच्या टाकीत टांगून एका बाजूने कानाला ऐकू न येणारा आवाज सोडत आणि पलीकडे तो किती क्षीण होऊन पोचतो ते मोजत. दोन सेंटिमीटरच्या तुकड्यात दोनेक डेसिबल घट यायला हवी होती. आठवडाभर पाचाच्या वर येत होती. विभागप्रमुख सुधीर सर काल म्हणाले होते, "उद्याही जुळलं नाही तर हे काम बंद. चंद्रावती सोमवारपासून पुन्हा चहावर."

साडेनऊला आकडा आला, पाच पूर्णांक चार.

"मावशी, पाण्यात हवा राहिली की आवाज अडतो. नीट उकळलंत ना?"

"वीस मिनिटं. घड्याळ बघून." चंद्रावतीचं नाक टाकीच्या काचेला टेकलं होतं. "पण बाई, कलेजीला घाम आलाय."

घाम नव्हता, बारीक बुडबुडे होते.

"हवा उकळून गेली, मग ही आली कुठून?"

"माका काय ठाऊक? मी आपलं ओतून ओतून निववलं, फेस येईसर..." ती थांबली. "अगो बाई. काढलेली हवा मीच परत भरली."

"तरीच," योगिताबाई हसू दाबत म्हणाल्या, "टाकीला रोज चहाची तल्लफ."

दुसरं पाणी उकळलं. गरम असतानाच टोप काठोकाठ भरून झाकला आणि थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवला. कुणाचा धक्का लागू नये म्हणून चंद्रावती शेजारी स्टूल टाकून बसली. अडीचला ते पाणी अलगद टाकीत सोडून नवा तुकडा टांगला. दोन पूर्णांक एक. तीनदा मोजलं, तीनदा तेच.

सुधीर सरांनी वहीवर सही केली. "मग सोमवारी चहा कोण करणार?"

"कोणीही करूं दे. धार धरायला मी शिकवीन."

उद्या साडेसहाला पाणी स्टोव्हवर चढेल, सातला उतरेल, आणि अडीचपर्यंत झाकण उघडणार नाही. चंद्रावतीने झाकणावर खडूने तसं लिहून ठेवलं आहे.