मोहोळच्या लेखकाची शोकसभा

आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चार वाजता लेखक मंडळाची बैठक भरे. पुण्या-मुंबईची मासिकं सोलापूरच्या माणसाला विचारीत नाहीत, आपल्या जिल्ह्यातला लिहिणारा आपणच पुढं आणला पाहिजे, असं म्हणून पाचसात जणांनी ते मंडळ काढलं होतं. गावातला लष्करी कायदा उठून तेव्हा वर्ष-दीड वर्ष झालं होतं. चार माणसं एका खोलीत बसली तरी पोलीस येत नाहीत, याचंच लोकांना अप्रूप होतं. मंडळाचे चिटणीस आमचे हे, म्हणजे माझे यजमान. हायस्कुलात मराठी शिकवायचे. मंडळाचं मासिक काढणं, तालुक्यांतून पोस्टानं येणारं लेखन वाचणं, आणि छापो वा न छापो, प्रत्येक लिहिणाऱ्याला सूचनांचं पत्र पाठवणं, ही सगळी कामं यांची.

चहा-पोहे माझे.

बैठकीची खोली पुढं, स्वैपाकघर मागं आणि मधे एक दार. ते दार मी बोटभर उघडं ठेवायची. कोणी गोष्ट वाचली की बाकीचे तिचा कीस पाडायचे. सुरुवात लांबली, पात्रं पुस्तकी बोलतात, शेवट पटत नाही. पोहे परतता परतता मी ऐकत असे. तीन वर्षं ऐकलं. वाचणारा कुठं अडखळणार आणि अध्यक्ष कुठं खाकरणार, हे मला आधीच कळू लागलं होतं.

लग्न झालं त्या वर्षी मी लिहिलेली दोन पानं यांना दाखवली होती. यांनी ती उभ्याउभ्या वाचली, खिशातून पेन्सिल काढून दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि म्हणाले, "छान आहे. बायकांच्या एखाद्या मासिकाला पाठव." आणि टोपी घालून शाळेत गेले. मी कुठंच पाठवली नाहीत.

माझी शाळेतली एक मैत्रीण मोहोळला दिली होती. घर शेतकऱ्याचं, माणसं भरपूर. तिचं माहेर आमच्याच बोळात, त्यामुळं सणावारी भेट व्हायची. एकदा ती आली तेव्हा सांगू लागली, की त्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला धनगर आले होते, त्यातली एक बाई वाटेतच बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी पोर पाठीला बांधून मेंढरांमागं चालू लागली. मैत्रिणीच्या सासूनं तिला थांब म्हटलं, तर ती म्हणाली, "मेंढरं थांबत्यात व्हय?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी त्याची गोष्ट लिहिली. मंडळाला द्यायची तर यांच्या हातात द्यायची, आणि यांच्या हातात दिली की वेलांट्या. मैत्रिणीला म्हटलं, "तू मोहोळहून पाठवशील? एखाद्या पुरुषाच्या नावानं? पण माझं अक्षर हे ओळखतील. तुला उतरवून काढावं लागेल."

"आन् माजं अक्षर त्यांना वाचता यील व्हय?" ती हसली. पण घेऊन गेली.

पंधरा दिवसांनी यांचं उत्तर मोहोळला पोचलं आणि मैत्रिणीनं ते तिच्या पत्रात घालून मला पाठवलं. चार पानं होती. 'प्रिय स्नेही' अशी सुरुवात. अक्षर सुधारा, ही पहिली सूचना, आणि तिच्यावरून मैत्रीण पुढं वर्षभर रुसली. पण नंतर यांनी लिहिलं होतं, 'तुमचा शेवटचा परिच्छेद बोधाचा आहे. तो काढून टाका. बोध कीर्तनकारासाठी राहू द्या. पोर पाठीला बांधलं, तिथं तुमची गोष्ट संपली आहे. तुम्हाला ते कळलं नाही, याचं कारण तुमचा स्वतःच्या लिहिण्यावर विश्वास नाही. तो ठेवा. संवाद तर इतके अस्सल आहेत, की आमच्या मंडळात असं कोणी लिहीत नाही.'

संवाद मी लिहिले होते तसे राहिलेच नव्हते. उतरवताना मैत्रिणीनं ते बदलून टाकले होते. "आमच्याकडं असं कुनी बोलत न्हाय. म्या सरळ करून टाकलं," असं तिनं नंतर सांगितलं.

ते पत्र मी स्वैपाकघरात बसून तीनदा वाचलं. सहा वर्षं ताटाला ताट लावून जेवत होतो. हा माणूस असं बोलू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

मग आम्हाला चटकच लागली. मैत्रीण हकिकती सांगायची, मी लिहायची, ती उतरवताना बोलणं सरळ करायची, आणि यांची पत्रं यायची. दोन वर्षांत अकरा पत्रं. कधी रागावलेली, कधी एका शब्दावर पान भरून. एका पत्रात यांनी लिहिलं होतं, की मीही पूर्वी गोष्टी लिहीत असे, जमल्या नाहीत, आणि हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मलाही सांगितलेलं नव्हतं. मी ती पत्रं पापडाच्या डब्यात ठेवायची. यांनी कधी पापड स्वतः काढून घेतले नाहीत, म्हणून तो डबा सगळ्यांत सुरक्षित.

बैठकीत 'मोहोळचे लेखक' हा परवलीचा शब्द झाला. त्यांची गोष्ट यायची त्या रविवारी दोन माणसं जास्त यायची. अध्यक्ष म्हणायचे, "आपल्या मंडळानं काय केलं असं कोणी विचारलं, तर मोहोळकडे बोट दाखवा." ते वकील होते. स्वतः ओळ लिहीत नसत, पण बोट छान दाखवीत.

वार्षिक सभा जवळ आली तसं ठरलं, की मोहोळच्या लेखकांना बोलावून शाल द्यायची. यांनी पत्र घातलं. मी मैत्रिणीकडून 'प्रकृती बरी नाही' असं कळवलं. पुन्हा पत्र, पुन्हा नकार. तेव्हा हे म्हणाले, "संकोची माणूस दिसतो. उद्या सकाळच्या गाडीनं मीच जाऊन त्यांना घेऊन येतो."

शनिवारची संध्याकाळ होती. हे खुंटीवरचा कोट उतरवून ब्रश मारीत होते. इतकं खुशीत मी यांना लग्नातही पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "मोहोळला जाऊ नका. तिथं कोणी नाही."

"म्हणजे?"

मी डबा आणून पुढं ठेवला. यांनी झाकण काढलं, आपलं अक्षर पाहिलं, एक पत्र उघडलं, मग दुसरं. कोट मांडीवर तसाच. शेवटी विचारलं, "ही इथं कशी?"

मी सगळं सांगितलं. अर्धं श्रेय मैत्रिणीचं आहे, तेही सांगितलं.

"दोन वर्षं तुम्ही दोघी मला हसत होता."

"नाही हो. मी या पत्रांची वाट पाहत होते."

हे ऐकून यांचा चेहरा मऊ झाला असं मला वाटलं. क्षणभरच. मग उठले, दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "लोक काय म्हणतील, कळतंय तुला? चिटणीसानं स्वतःच लिहिलं, स्वतःच छापलं, स्वतःच वाहवा केली आणि बायकोला पुढं केलं. तू लिहिलंस यावर कोण विश्वास ठेवणार आहे?"

"तुम्ही ठेवाल ना?"

यांनी पत्रं पुन्हा डब्यात घातली, नीट, तारखेनं. सकाळी मात्र गाडीनं मोहोळला गेले. मला वाटलं, मैत्रिणीला भेटायला गेले असतील. परत आले ते थेट अध्यक्षांकडे गेले. आणि घरी येऊन हातपाय धुता धुता मला सांगितलं, "मोहोळचे लेखक विषमज्वरानं वारले. मागं कोणी नाही. असं कळवलंय मी मंडळाला."

टॉवेल माझ्या हातात होता. तो मी पुढं केला.

पुढच्या रविवारी आमच्याच घरी शोकसभा झाली. हे आत येऊन म्हणाले, "आज पोहे नकोत, नुसता चहा." खोली भरून माणसं पायरीपर्यंत बसली होती. अध्यक्ष बोलले. जिल्ह्याचा एक तारा निखळला, मंडळानं खतपाणी घातलेलं रोप ऐन बहरात गेलं, असं बरंच. मग एक सभासद उठले. कापडाचे व्यापारी, कविता करायचे. ते म्हणाले, "मला त्यांच्या दर्शनाचा एकदा योग आला होता. मोहोळच्या बाजारात. उंच, सडपातळ, डोळे खोल गेलेले. बोलणं अगदी थोडं. जाताना माझा हात हातात धरून म्हणाले, 'मंडळ नसतं तर मी नसतो.'"

त्यांचा गळा दाटून आला होता. खोटा दाटला होता असंही मला म्हणवत नाही. पुढं चारपाच जणांनी डोळे टिपले. दाराच्या फटीतून मला यांची पाठ तेवढी दिसत होती. ती हलली नाही.

शेवटी सगळे श्रद्धांजलीसाठी उभे राहिले. चुलीवर चहा उकळत होता. मीही उभी राहिले. का, ते मला अजून सांगता येत नाही.

मैत्रीण पुढच्या महिन्यात माहेरी आली ती तडक माझ्याकडं. मासिकातली काळ्या चौकटीतली बातमी तिनं वाचली होती.

"आगं, मेलो व्हय आपन? मला कुनी सांगितलं बी न्हाय की!"

मी हसले आणि हसता हसता रडू फुटलं. ती शेजारी बसून राहिली. मग म्हणाली, "दाजी मोहोळला आलतं. आमच्या दारावरनं गेलं. म्या हाक मारली तर वळून बघितलं न्हाय. ठेशनावर जाऊन बाकावर बसलं, परतीची गाडी यीपर्यंत. आमच्या गड्यानं बघितलं."

मंडळानं दिवंगत लेखकाच्या स्मरणार्थ बक्षीस ठेवलं, जिल्ह्यातल्या नवोदितांसाठी, आणि निवडीला एक समिती नेमली. मासिकात निवेदन आलं, की स्त्रियांनीही लेखन पाठवावं. ते निवेदन यांनीच लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि गोष्ट लिहायला घेतली. या वेळी माझ्या नावानं, माझ्या अक्षरात. मैत्रिणीला वाचून दाखवली, तिनं बोलणं सरळ केलं. शुक्रवार पेठेतल्या पोस्टात टाकली. मंडळाचा पत्ता आमच्याच घरचा, त्यामुळं दुसऱ्या दिवशी शुक्रवार पेठेतच, माझ्या दारात, पोस्टमननं ती मलाच आणून दिली. मी यांच्या मेजावर इतर पाकिटांत ठेवली.

दीड महिन्यानं उत्तर आलं, तेही पोस्टानं. पाच ओळी. 'आपल्या लेखनावर मोहोळच्या दिवंगत लेखकांची छाया फार जाणवते. अनुकरणानं कोणी मोठं होत नाही. आपली वाट शोधावी. कळावे.' खाली यांची सही.

हे शाळेत निघाले होते. मी पत्र हातात घेऊन दारात उभी राहिले.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"समितीचं मत होतं."

"आणि तुमचं?"

यांनी कोटाची बटणं लावली. सगळी लावून झाल्यावर म्हणाले, "गोष्ट चांगली आहे. आधीच्या अकराही गोष्टींपेक्षा चांगली."

"मग समितीत का नाही बोललात?"

"काय बोलणार होतो? ती माझी बायको आहे म्हणून?"

"नाही. गोष्ट चांगली आहे म्हणून."

मला वाटतं त्यांना खरोखरच सुचलं नव्हतं, की असंही बोलता आलं असतं. मग घड्याळ पाहिलं आणि गेले.

पुढच्या बैठकीच्या रविवारपासून मी घरात बैठक भरवू दिली नाही. माझ्या संसारात मी जोरानं म्हटलेलं ते पहिलं 'नाही'. यांनी वाद घातला नाही. मंडळ शाळेच्या एका वर्गात भरू लागलं. पुढं मोहोळच्या लेखकांचा कथासंग्रह निघाला, अध्यक्षांची मोठी प्रस्तावना घेऊन. प्रस्तावनेत कापडाच्या व्यापाऱ्यांची ती भेटही आहे. एक प्रत मी मैत्रिणीला पाठवली. मोहोळात लोक बरेच दिवस विचारीत होते, की हा गृहस्थ कोणत्या आळीत राहायचा, आणि दोघा म्हाताऱ्यांना तो आठवतही होता.

मी लिहायचं सोडलं नाही, पण ते सावकाश झालं. काही वर्षांनी एक गोष्ट पुरी झाली तेव्हा यांना म्हटलं, "वाचाल का? आणि पूर्वी लिहायचात तसं पत्र लिहून कळवाल का?"

हे जरा ओशाळून म्हणाले, "एका घरात राहून पत्र कशाला? वाचतो आणि बोलूनच सांगतो."

त्यांनी ती वाचली. पानं घडी घालून मेजावर ठेवलेली मी पाहिली, पेन्सिलची एक खूण नव्हती. त्या दिवशी जेवताना मी वाट पाहिली, दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी पानं उचलून ठेवली. त्यांनीही ती कुठं गेली म्हणून विचारलं नाही.